पेन आपटल्याचा आवाज

दुसऱ्यांच्या कामात खोट काढणं हेच आमच्या विभागाचं काम, आणि त्याचाच आम्हाला पगार मिळतो. एखाद्या उपचारावरचे जगभरातले प्रयोग गोळा करून कुणी आढावा लिहिला, की लिहिणाऱ्याने पारडं आपल्या बाजूला कितपत झुकवलंय ते आम्ही तपासतो. एक आढावा दोघांनी तपासायचा, एकमेकांना न विचारता. मतं जुळली नाहीत तर प्रमुखबाई निवाडा करतात.

अ‍ॅक्युपंक्चरचे आढावे एका जोडप्याच्या वाट्याला आले. नवऱ्याला आम्ही 'बहुतेक' म्हणायचो, कारण त्या शब्दावाचून त्याचं वाक्य पुरं होत नसे. बायको 'पुरावा', चहात साखर घातली आहे हे ती घोट घेतल्याशिवाय मान्य करत नसे. दोघांच्या टेबलांमध्ये प्लायवुडची फळी, पण निकाल मात्र दर वेळी तंतोतंत जुळलेले. प्रमुखबाईंना निवाड्याचं कामच उरेना, तेव्हा त्यांना शंका आली.

त्यांनी बहुतेकला बोलावलं. तो फार वेळ टिकला नाही. बायकोला आढावा पटला नाही की ती पेन आपटते. आवाज आला की आपण 'पक्षपाताची जोखीम जास्त' लिहितो, नाही आला तर 'कमी', असं त्याने सांगून टाकलं. यात वावगं काय हे त्याला कळेना. घरी तो याच पद्धतीने सुखात नांदत होता.

बाईंनी दोघांना हातातला आढावा नव्याने तपासायला लावला आणि बहुतेकची रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत केली.

नेमका तो आढावा गुडघेदुखीवरच्या सुयांचा. पुराव्याची आई गुडघ्यासाठी सुया टोचून घेत होती, आणि त्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे तिने लेक-जावयाच्या निकालावर सोपवलं होतं.

संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बहुतेकने लिहिलं होतं, जोखीम जास्त: ज्या प्रयोगांत सुयांनी गुण आला नाही, ते कारण न देता गाळले आहेत. सबंध कागदावर एकही 'बहुतेक' नव्हतं. पुराव्याने लिहिलं होतं, जोखीम कमी.

कितीतरी दिवसांनी हाती काम आल्याने बाईंचा चेहरा खुलला. गाळलेले प्रयोग दिसले नाहीत का, असं त्यांनी पुराव्याला विचारलं.

"दिसले," ती म्हणाली. "पण बाई, आई आता कठडा न धरता जिना चढते."

"ते आढाव्यात कुठल्या पानावर आहे?"

पुराव्याने कागद ओढून घेतला आणि आपला निकाल आपल्याच हाताने खोडला. आईला सांगायचं मात्र तिने नवऱ्यावर ढकललं. दोघं आपापल्या टेबलाशी परतल्यावर त्याने फोन लावला, आणि फळीपलीकडे तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"आई, या आढाव्यावर विश्वास ठेवता येणार नाही."

"म्हणजे सुया वाईट?"

"सुयांचं यावरून काहीच कळत नाही. लिहिणाऱ्यांनी लबाडी केली आहे."

"मग जावईबापू, मी कुठे लिहिणाऱ्यांकडे जाते? मी सुयावाल्याकडे जाते. उद्याची वेळ मी सकाळीच घेऊन ठेवली आहे."

थोडं थांबून बघा, असं तो म्हणायला लागला, तोच फळीपलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. बहुतेकने मान डोलावली आणि सासूबाईंना म्हणाला, "बरं, जाऊन या."