नाव झाकून वाचलेली कथा

दिवाळी अंकासाठी कथा निवडायची ती लेखकाचं नाव झाकून, हा नियम शरच्चंद्रअण्णांनीच घातला होता. ओळखीपाळखीला आणि भिडेला जागा नको म्हणून. बंगळुरूतल्या त्या छोट्याशा मराठी मंडळाचे अध्यक्ष अण्णा, अंकाचे संपादक अण्णा, आणि निवड समितीला कथा मोठ्याने वाचून दाखवणारेही अण्णाच. बाकीच्यांनी ऐकायचं आणि पसंत पडली तर हात वर करायचा. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं आणि अण्णांना त्याचा कोण अभिमान.

या मंडळाने त्यांना हारतुरे भरपूर दिले, पण त्यांचं लिहिणं मात्र गिळून टाकलं. सभा, रुसवेफुगवे आणि पाहुण्यांची सरबराई यांतून सवड मिळेपर्यंत पंचाहत्तरी उलटली. आता तर शब्दही दगा देऊ लागले होते. परवा भाजीवाल्यापुढे उभं राहून त्यांना कोथिंबिरीचं नाव आठवेना. तरीही हट्टाने त्यांनी एक कथा पुरी केली होती, घरात कोणालाही न सांगता. ती जमली असली तर आणखी लिहायचं, नसली तर पेन कायमचं ठेवून द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ठेवून द्यावं लागेल, या विचाराने त्यांचा जीव घाबरा होत होता.

बैठक नेहमीप्रमाणे रविवारी, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पद्मनाभच्या कारखान्याच्या ऑफिसात होती. मशिनं बंद असली की तिथे शांतता असते. पद्मनाभचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच, त्याच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळायचे. श्वेता पुण्याहून नोकरीसाठी आलेली. तिसरे रत्नाकर, निवृत्त प्राध्यापक, बोलायला कमी आणि मान डोलवायला तयार.

अण्णांनी आपलीच कथा पहिली घेतली. आवाज कापला तर सगळं उघडं पडेल, म्हणून त्यांनी ती विजेचं बिल वाचावं तशी वाचली. शेवटची ओळ संपली. एकही हात वर गेला नाही.

"नापसंत," अण्णा म्हणाले. निकाल अध्यक्षानेच सांगायचा असतो.

दुसरी कथा एका इमानी कुत्र्याची होती. अण्णांनी ती घरी वाचून मनातून केव्हाच रद्दीत काढली होती, पण नियम म्हणजे नियम, वाचणं भाग होतं. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती, गळा दाटला होता, मध्ये थांबून पाणी प्यावं लागलं. संपवून मान वर केली तर तिन्ही हात वर. पद्मनाभ डोळे पुसत होता.

"हिच्यात काय आवडलं?" अण्णांनी विचारलं.

"तुमचा कंठ भरून आला की, अण्णा," पद्मनाभ म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"आणि पहिलीत काय खटकलं?"

श्वेता हसली. "काका, ऑनेस्टली, ती तुम्हालाच बोअर होत होती ना? तुमच्या आवाजावरून लगेच कळतं. आम्ही नेहमी त्याच्यावरच जातो. तुमच्याएवढा एक्सपीरियन्स कुठंय आम्हाला?"

पोरगी मनापासून बोलत होती, प्रेमाने बोलत होती. अण्णांना संताप आला, पण तो काढणार कोणावर? लेखकांची नावं त्यांनी इमानेइतबारे झाकली होती आणि स्वतः मात्र सगळ्यांपुढे उघडे बसले होते. भोवतीच्या माणसांना त्यांनी इतकं सांभाळलं, इतकं वळण लावलं, की आता त्यांच्यात खरं सांगणारं कोणी उरलंच नव्हतं. आणि आजच त्यांना तसं एक माणूस हवं होतं.

त्यांनी पहिल्या कथेची पानं श्वेतापुढे सरकवली. "ही परत वाच. सगळे आपापल्या मनाने ठरवा."

मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले. श्वेता चांगलं वाचत होती. एके ठिकाणी अण्णांना वाटलं, वा, जमलंय. पुढच्याच पानावर वाटलं, हे काय लिहून बसलो आपण. कथा संपली. मागे एक खुर्ची करकरली, कोणीतरी खाकरलं. अण्णा वळले नाहीत.

"अण्णा," पद्मनाभ हलकेच म्हणाला, "स्वल्प इकडे तोंड करा की. हात वर करायचा का नको, कळेना झालंय."