दोन काठांचा मतदारसंघ

मित्रांनो, मी एक जुना मतदारसंघ आहे. विलो क्रॉसिंग हे माझे नाव आता कोणत्याही नकाशावर सापडणार नाही, आणि ज्यांनी ते भाषणांतून मिरवले त्यांच्या स्मरणात तर ते कधी नव्हतेच.

माझा जन्म कॅनडाच्या गवताळ पठारावर झाला असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तो राजधानीतील एका टेबलावर, फूटपट्टीने झाला. पट्टी धरणाऱ्या गृहस्थाने आमची नदी पाहिलेली नव्हती. त्याच्या लेखी ती एक निळी रेघ होती. म्हणून त्याने दोन्ही काठ बेधडक माझ्या एकाच कुंपणात घातले. पूर्वेला रुग्णालय आणि रेल्वे, पश्चिमेला गव्हाची शेते, आणि मध्ये आयनार या नॉर्वेजियन नावाड्याचा, तारेला बांधलेला तराफा.

नदी गोठू लागली की तराफा काठावर ओढून ठेवावा लागे आणि बर्फ गाडीचा भार पेलण्याइतका घट्ट होईपर्यंत पलीकडे जाण्याची सोय नसे. अशाच दिवसांत पश्चिम काठावरच्या पाराश्काचा नवरा स्तेपान पोटदुखीने तडफडून गेला. रुग्णालयाचे दिवे त्याला अंथरुणावरून दिसत होते. तेव्हापासून पाराश्काला एकच गोष्ट हवी होती: पूल.

तो बांधण्याचे वचन मर्व्हिन टालबट या आमदाराने दिले. निवडणुकीच्या आधी मोजणीवाले येत, काठावर पिवळ्या फितीचे खुंट ठोकत, दुर्बिणीतून गंभीरपणे पलीकडे पाहत आणि निघून जात. मतदान उरकले की तिकडे कुत्रेही फिरकत नसे. पुढच्या निवडणुकीला नवे खुंट येत. माझे मतदार ते पाहून पुन्हा भाळत. एकदा रागाने त्यांनी विरोधकाला निवडले, तर पुढच्या खेपेस खुंटही आले नाहीत! तेव्हा या सुज्ञ जनांनी असा निष्कर्ष काढला की, पूल नसला तरी चालेल, निदान खुंट तरी हवेत. टालबट पुन्हा निवडून आला.

पाराश्का मात्र मतदान संपताच खुंट उपटून परसात नेई आणि त्यांवर वाटाण्याचे वेल चढवी.

"अगं, सरकारी माल आहे तो!" आयनार तराफ्यावरून ओरडे.

"मग सरकारला सांग, वाटाणे सोलायला ये म्हणावं. आणि यंदाचे खुंट किती किडकिडे आहेत बघ. वचनंसुद्धा बारीक झाली मेल्यांची."

सुगी संपल्यावर चर्चच्या सभागृहात गावजेवण होई. तेथे टालबट कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात तिसऱ्यांदा वाढून घेत मला प्रांताचा कणा म्हणे. लोक टाळ्या वाजवत. माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच, आणि तेही भरल्या तोंडाने केलेले.

"टालबटसाहेब," पाराश्का एकदा वाढता वाढता म्हणाली, "पूल कधी?"

"बाई, खुंट ठोकलेत ना? आता दूर नाही."

"दूर नाहीच. माझ्या परसापर्यंत आलाय."

सभागृह हसले. टालबटही हसला; निर्लज्जपणाचे हेच एक बरे असते की त्याला अपचन होत नाही.

पुढे तरुण माणसे शहरांकडे गेली, गावे ओस पडू लागली आणि सीमा ठरवणारा आयोग माझा निकाल लावण्यास आला. मला दोन शेजाऱ्यांत वाटून टाकावे आणि नवी सीमा नदीच्या मधोमध आखावी, असा त्याचा बेत होता. सुनावणीला पाराश्का खुंटांची मोळी घेऊन गेली आणि ती तिने अध्यक्षांच्या टेबलावर आदळली.

"पूल हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही, बाई," अध्यक्ष कागदांवरची माती झटकत म्हणाले.

"नदी आहे ना तुमच्या अखत्यारीत? मग तिच्यावर रेघ मारू नका. दोन्ही काठ एकाच माणसाच्या गळ्यात होते, म्हणून त्याला निदान खोटं तरी बोलावं लागायचं. आता एकेकाला एकेक काठ दिलात, तर अर्धा पूल कोण मागणार?"

अध्यक्षांनी तिचे आभार मानले. रेघ नदीच्या मधोमधच पडली, आणि मी संपलो.

पुढच्या निवडणुकीत दोन उमेदवारांनी दोन काठांवर आपापले खुंट ठोकले. पूर्वेचे रुग्णालयासमोर होते; पश्चिमेचे पार वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर. कोणीही पलीकडे पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

"आयनार, हे पूल बांधतायत की एकमेकांना चुकवतायत?" पाराश्काने विचारले. त्या वर्षीही नदी गोठू लागली तेव्हा आयनारने तराफा काठावर ओढला.

मित्रांनो, माझ्यासाठी अश्रू ढाळू नका. फूटपट्टीने जन्मलेल्याने फूटपट्टीनेच मरावे. परंतु तुमच्या दारी कोणी खुंट ठोकले, तर टाळी वाजवण्यापूर्वी ते हाताने हलवून पाहा, आणि पलीकडच्या काठावर त्यांच्या समोर काय आहे तेही पाहा. नंतर पाराश्काच्या परसात जा. तिचे वेल खुंटांच्या टोकापर्यंत चढले आहेत आणि पुढे आधार नसल्याने नदीच्या दिशेने वाऱ्यावर चाचपडत आहेत. माझ्या साऱ्या कारकिर्दीत त्या खुंटांवरून पलीकडे जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तो केवळ त्यांनी.