चिंच आणि राखेने पुसलेले नाव

मी एक जुनी काशाची चकती आहे. तांब्यावर झाकण म्हणून नीट बसेन, एवढीच. सध्या सोलापुरात गिरणीजवळच्या एका खोलीत मिठाच्या बरणीवर बसलेली असते. मीठ लागून लागून हिरवी पडले आहे. पण मित्रांनो, मला हसू नका. मी भांड्यांच्या जातीतली नव्हे. मी एका माणसाच्या नावासाठी जन्मले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला ओतले. माझ्यासारख्या लाखो होत्या. सगळ्यांवर चित्र एकच: हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई आणि तिच्या पायाशी सिंह. फरक फक्त एका लहानशा चौकोनात. तिथे मेलेल्या शिपायाचे नाव, इंग्रजी अक्षरांत. हुद्दा नाही, काही नाही. साहेब असो की खेचरे हाकणारा, नुसते नाव. याचा मला मोठा अभिमान वाटे.

माझा शिपाई सांगोल्याकडच्या एका वाडीतला. मेंढ्या राखायचा, म्हणून पलटणीत त्याच्याकडे खेचरे दिली. घर सोडताना त्याने धड घोंगडी बायकोला ठेवली आणि फाटकी आपण नेली. बोटीने इराकात बसऱ्याला गेला आणि आठव्या महिन्यात तापाने मेला. गोळीसुद्धा नाही, ताप. तिथेच पुरला. वाडीत त्याच्या नावाचा दगड नाही की मूठभर माती नाही. मी तेवढी आले, टपालाने.

त्याची बायको बनाबाई तेव्हा सतरा वर्षांची होती. टपालवाल्याने तिचे बोट धरून चौकोनावर ठेवले. "हे बग, हे तुज्या मालकाचं नाव."

तिला वाचता येत नव्हते. पण पहिले अक्षर तिने बोटाने ओळखून ठेवले: एक उभी काठी आणि तिला चिकटलेली दोन गाडगी, एकावर एक. रोज दिवेलागणीला ती मला घोंगडीतून काढायची, काठीवरून बोट खाली आणायची, दोन्ही गाडग्यांवरून फिरवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. तोंडाने नाव कधी घ्यायची नाही. नवऱ्याचे नाव बायकोने घ्यायचे नसते. लग्नात उंबऱ्यावर अडवल्यावर उखाण्यात घेतले होते, तेवढे एकदाच.

मग घात झाला, आणि तो माझ्या रूपाने केला. एका वर्षी मेंढरांत रोग शिरला. तिची धाकटी जाऊ अंबुबाई हिने मला पाहिले आणि हातच जोडले. "आक्का, ही तर आंबाबाई हाय. त्रिशूळ हाय, शिंव्ह हाय. आनि तू हिला घोंगड्यात कोंबून ठिवलीस व्हय?"

"आगं, त्येच्यावर त्यांचं नाव हाय."

"आसंल की. देवीच्या हाताखाली हाय. आनि काय पायजे?"

मला देवघरात बसवले. योगायोगाने रोग ओसरला आणि माझे देवपण पक्के झाले. बनाबाई विधवा. तिने देवीला हळदकुंकू कसे लावायचे? ती उंबऱ्याबाहेरून बघायची. अंबुबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी चिंच आणि राख घेऊन मला घासायची, अगदी मनापासून. मी लखलखायचे. आसपासच्या वाड्यांतून बायका ओटी घेऊन यायच्या. खरे सांगते मित्रांनो, मला ते आवडले. लाजेची गोष्ट आहे, पण आवडले. एकेका घासणीला अक्षरे झिजत होती आणि मी नैवेद्याच्या वासात खुशाल बसले होते.

अशी पन्नासेक वर्षे गेली. अंबुबाई गेली. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, मेंढरे मेली. अंबुबाईचा मुलगा बाळासो सोलापूरला गिरणीत जायला निघाला. देवीची काचेची तसबीर त्याने घेतली आणि मला चुलतीच्या हातात दिले. "काकी, ही तुमाला ऱ्हाऊ द्या."

बनाबाईने मला पन्नास वर्षांनी हातात घेतले. बोट चौकोनावर आणले. काठी लागेना, गाडगी लागेनात. तिला वाटले, दुष्काळी कामावर खडी फोडून आपलीच बोटे निबर झाली. दुसऱ्या दिवशी ती मला पदरात बांधून कामावर घेऊन गेली.

तिथला मस्टर कारकून विरुपाक्ष मंगळवेढ्याचा, सरळ माणूस. त्याने मला उन्हात तिरपे धरले, डोळ्यांजवळ नेले, रुमालाने पुसले.

"आजी, हितं काय बी न्हाय. गुळगुळीत हाय. देवीचा टाक दिसतोय."

"नाव हाय बाबा तितं. आमच्या मालकांचं. लढाईला गेलं हुतं."

"मग तुमी नाव सांगा की. मी कागदावर ल्हिऊन देतो. पत्र्यावर कोरून बी देतील सांगोल्यात."

बनाबाईने तोंड उघडले. मी पदरात नव्हते, त्याच्या हातात होते, म्हणून तिचे ओठ मला दिसले. ते हलले आणि थांबले.

"उखान्याबिगर कसं घिऊ?"

"मग उखाना घ्या की."

"रांडमुंड बाई उखाना घेती व्हय?" असे म्हणाली खरी, पण मनात ती उखाणा आठवून बघत होती. उखाण्याची पहिली ओळ आठवली असती तर तिच्यामागून नाव आले असते. मागे हजेरीची रांग ताटकळली होती. "न्हाय येत," ती म्हणाली. विरुपाक्षने बाळासोला विचारायला सांगितले. तो वाडीवर आला तेव्हा त्यालाही विचारून झाले. त्याच्या घरात सगळे 'थोरलं' एवढेच म्हणायचे.

बनाबाई त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी गेली. शेवटपर्यंत तिचे बोट माझ्यावर फिरत होते, आणि मी गुळगुळीत होते. बाळासो मला इकडे घेऊन आला. बरणीच्या तोंडावर मी बरोबर बसले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जपा, पण चकाकवू नका. तिच्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा. आणि म्हातारी माणसे आहेत तोवर मेलेल्यांची नावे विचारून घ्या. माझे सांगणे कुणी ऐकते असे मला वाटत नाही. झाकणाचे कोण ऐकतो? तरी माझ्यावर ओतलेले नाव माझ्या पोटात आहे, तेवढे सांगून ठेवते. ते बिरप्पा होते.