भिंतीवरचा डब्बा

फेब्रुवारी एकवीसमध्ये अमरावतीत कोरोना पुन्हा उसळला, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात शहाणा मीच होतो. विज्ञानाचा मास्तर ना! विषाणू प्लास्टिकवर तीन दिवस टिकतो, पुठ्ठ्यावर एक दिवस, हे मी ज्याला त्याला ऐकवायचो. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुवायचो. शेजारच्या परवीनभाभींनी गाजराच्या हलव्याचा प्लास्टिकचा डब्बा दिला, तो त्यांच्यादेखत मी बाहेरच्या भिंतीवर ठेवला. "तीन दिवसांनी घरात घेऊ," असं वर हसून सांगितलं. हलवा मुंग्यांनी खाल्ला.

आणि हाच शहाणा रोज संध्याकाळी कुलदीपच्या पानठेल्यामागे मास्क हनुवटीवर ओढून खर्रा खायचा. प्लास्टिकची पन्नी एक, बोटं आम्हा चौघा मित्रांची. घोटलेल्या सुपारी-तंबाखूची चिमूट तोंडात टाकायची आणि पन्नी पुढच्याला द्यायची. खर्रा सोडला, अशी मी बायकोच्या, अपेक्षाच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

आधी मला ताप आला, मग तिला. आरोग्यसेविका बेबीताईंनी फाटकातूनच विचारलं, "सर, कोणाच्या संपर्कात आले होते तुमी?"

आतून अपेक्षा खोकत म्हणाली, "हे तं कुठीच जात नाहीत. परवीनभाभीचा डब्बा तेवढा आला होता."

मीही होकाराची मान हलवली. बेबीताईंनी लिहून घेतलं, शेजारच्यांनी ऐकलं.

परवीनभाभी शिवणकाम करायच्या. दोन दिवसांत बायकांनी आपापले ब्लाउज परत नेले. त्यांच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी निगेटिव्ह आली, ते कोणी विचारलंही नाही. मला सगळं दिसत होतं. मी खिडकी लावून घेतली.

महिन्याभरानं, आम्ही बरे झाल्यावर, फाटक वाजलं. भाभी होत्या. मास्क, हातमोजे. डब्बा त्यांनी स्वतःच भिंतीवर ठेवला आणि मागे सरकल्या.

"अपेक्षाताईसाठी मेथीचे लाडू हायेत, सर. तीन दिवसानं घ्या. मागच्या खेपेले माहंच चुकलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी अपेक्षाला हाक मारली आणि दोघींसमोर सांगून टाकलं, "डब्ब्यानं काही झालं नाही. मी खर्रा खात होतो. चौघं एकाच पन्नीतून."

अपेक्षा आत निघून गेली.

भाभी म्हणाल्या, "हे माह्या गिऱ्हाइकाईले सांगसान का, सर?"

या खेपेला नुसती मान हलवून भागणार नव्हतं. मी चपला घातल्या.