भुईमुगाची आरी

डाळ निवडता निवडता जिवनबाईचा हात थांबला. बाहेर पटांगणात परिपाठ चालू होता आणि वैजनाथ सर मुलांना नवलाची माहिती सांगत होते. जूनमध्ये या शाळेवर आल्यापासून त्यांनी ही पद्धत पाडली होती. रोज एक खाण्याचा पदार्थ घ्यायचा आणि त्याच्याबद्दल मुलांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची.

खिचडीच्या खोलीत बसून जिवनबाई सगळं ऐकायची. मिरची समुद्रापलीकडून आली, पाचशे वर्षांमागं ती आपल्याकडं कुणाला माहीतही नव्हती, हे ऐकलं त्या दिवशी ती कामात असूनही त्याच विचारात होती. तिच्या पणज्याची माणसं बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायची. त्यातली सगळ्यात जुनी माणसं भाकरीशी काय खात असतील? नुसतं मीठच? उपासाचा साबुदाणा परदेशी कंदापासून होतो, हे कळल्यावर तर ती एकटीच हसली होती.

आज सरांनी शेंगदाणा घेतला होता. तो गाजर-मुळ्याचा भाऊबंद, झाडाच्या मुळाला लागतो, असं ते म्हणाले. तेवढ्यात सहावीतली दिपा, जिवनबाईची नात, उभी राहिली.

"सर, शेंग मुळाला नाही लागत. फुलाला लागते."

सर हसले. फूल वर आणि शेंग जमिनीत, मग ती खाली पोचली कशी, असं त्यांनी विचारलं. घरी बंजारा बोली बोलणाऱ्या दिपाला ते मराठीत सांगता येईना. तिनं बोट वाकवून जमिनीकडं नेलं. पोरं खदखदून हसली. सरांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि ते पुढच्या सूचना वाचू लागले.

जिवनबाईनं मान खाली घालून डाळ धुतली.

वीस वर्षं ती नवऱ्यासोबत, बाबूसिंगसोबत, ऊस तोडायला गेली होती. तो वारला, तिचे गुडघे गेले आणि तिला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. ते दरवर्षी नव्यानं ठरायचं आणि त्यात सरांच्या शब्दाला वजन होतं. मुलगा विकास आणि सून दिवाळीनंतर तोडीला गेले होते. शाळा बुडू नये म्हणून दिपाला आजीजवळ ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी दिपानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि पुस्तक काही काढलं नाही. जेवताना म्हणाली, पुढच्या साली मी आईसंगं जाते. इथं मला काई येत न्हाई.

जिवनबाईनं असं म्हणणाऱ्या पुष्कळ पोरी पाहिल्या होत्या. आधी पाणी आणायला म्हणून जायच्या. मग मोळ्या बांधायला लागायच्या. मग त्यांची लग्नं व्हायची आणि नवऱ्याबरोबर त्यांच्याही हातात ऊसतोडीचा कोयता यायचा. ती स्वतः तशीच गेली होती.

सकाळी ती कालव्याकडं गेली. तिथं तांड्यातल्या रामसिंगच्या शेताच्या पट्टीत उन्हाळी भुईमूग फुलावर होता. एक झाड दे, म्हणाली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, खुरप्यानं मातीसकट उकरून तिच्या घमेल्यात ठेवलं.

शाळेत आल्यावर तिनं खिचडी चढवली आणि घमेलं घेऊन सरांच्या दाराशी उभी राहिली.

"सर, एक बोलू का? राग नका धरू."

तिनं घमेलं खाली ठेवलं. फांदीच्या बेचक्यात पिवळं फूल होतं. शेजारी, जिथलं फूल गळून गेलं होतं, तिथून दोऱ्यासारखं काहीतरी निघून खाली वाकलं होतं. त्याचं टोक सुईसारखं होतं.

"ही आरी," ती म्हणाली. "फूल सुकलं की निघते. खाली खाली जाते अन् मातीत घुसते."

तिनं दुसरी, जमिनीत शिरलेली आरी अलगद बाहेर काढली. टोकाला पांढरी, कोवळी शेंग धरली होती. मग तिनं मुळावरची माती झटकून दाखवली. मुळाला एकही शेंग नव्हती.

सरांनी वाकून ती शेंग बोटांत धरून पाहिली.

"पुस्तकात वाचलं होतं," ते म्हणाले. "नाही, वाचलंही नव्हतं. मला तसं वाटलं, म्हणून सांगून टाकलं."

"मी तुमाला शिकवाया न्हाई आले, सर. पोरगी म्हणून राहिली की आता शाळा नको. तेवढ्यासाठी आले."

सरांनी घमेलं स्वतः उचललं आणि पटांगणात नेलं. मुलांसमोर ते सरळ म्हणाले, की काल मी चुकीचं सांगितलं, दिपाचं बरोबर होतं. पुढचं मावशी सांगतील.

खिचडी चुलीवर हाये म्हणून जिवनबाई मागं सरली, पण मुलं भोवती जमली होती. ती जमिनीवर बसली. आधी शब्द अडखळले, मग येऊ लागले. माती घट्ट असली तर आरीला आत जाता येत नाही आणि ते फूल वाया जातं, म्हणून झाडाला मातीची भर द्यायची असते, हे तिनं सांगितलं. मुलं विचारत गेली, ती सांगत गेली. मागं बसलेली दिपा हळूच उठून पुढं आली आणि झाड कलंडू नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. जिवनबाई लंगडत धावली. खिचडी तळाला चांगलीच करपली होती.

दुपारी मुलं ओळीनं जेवायला बसली. करपट वास सगळ्या पटांगणात होता. सरांनी एक ताटली घेतली आणि पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. वाढताना जिवनबाईला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी ताटली पुसून खाल्ली.

सगळ्यात शेवटी दिपा आली. पातेल्यात वाकून पाहिलं आणि ताटली पुढं केली.

"आजी, मला खालची खरवड दे."