माळीपुऱ्यातला जपानी साहेब

पस्तीस सालच्या कापूस हंगामात ओकादा नावाचा जपानी तरुण अकोल्याहून अमरावतीला आला. तो एका जपानी कंपनीसाठी रुई पारखून घेत असे. माळीपुऱ्यात खुशालराव आणि पार्बताबाई या भाजी पिकवून विकणाऱ्या नवरा-बायकोच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या. मराठी शिकायला तो रोज संध्याकाळी समोर माझ्याकडे येऊ लागला. मी पेन्शनीत निघालेला शाळामास्तर. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. घरात पुस्तके आणि मी. शिकवण्याची हौस मला नोकरीतही फारशी नव्हती, पण आता दुपार कलली की मी उगाच कंदिलाची काच पुसू लागलो.

तो तुटक इंग्रजीत गाऱ्हाणी सांगे.

"मास्तर, माझा देश लहान, माणसे फार. आमच्या गल्लीत भिंती कागदाच्या. शेजारी खोकला तरी ऐकू येतो, पण आम्ही ऐकत नाही. इथे भिंत हातभर जाड, तरी सगळ्यांना सगळे ठाऊक! बाजारात एकाने पगार विचारला. सकाळी दाढी करताना चार बायका दारात उभ्या होत्या."

"काय करीत होत्या?"

"बघत होत्या. एकीने खुणेने दाखवले, हनुवटीखाली राहिली आहे."

मी हसलो. खरे तर मला आनंद झाला होता. गर्दीला भिणारा आणखी एक माणूस मला भेटला होता. इतकी वर्षे या आळीत राहून मी कोणाच्या ओट्यावर कधी टेकलो नव्हतो.

"माझी मागची खोली रिकामी आहे," मी म्हणालो. "तिथे कोणी येणार नाही." कोणाला आपल्या घरी राहा म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ.

तो वाकला. "महिना संपला की सांगतो."

तोवर दार लावून बसत जा, असे मी सुचवले.

रविवारी त्याने दार लावले. आमच्या आळीत दिवसा दार लागते ते घरात काही बरेवाईट झाले तरच. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण माझे दार नेहमीच लागलेले, आणि त्याचे कोणाला कधी काही वाटले नव्हते.

दुपारी पार्बताबाई माझ्या खिडकीशी आल्या. "काहून जी मास्तर, सायब दार उघडून नाई राहिला. तापबिप भरला का त्याले?"

"नाही हो, वाचत असतील."

"वाचाले दार कायले लावाव लागते? चोरून वाचते का?"

त्या मला आणखी काही विचारायला थांबल्या नाहीत. खुशालराव शिडी लावून छपरावर चढले, चार कौले सरकवून आत डोकावले. खाली सगळी आळी माना वर करून उभी.

"जित्ता हाय!" ते वरून ओरडले. "पंचा लावून काई लिहून राहिला!"

आतून माझ्याच शिकवणीतले मराठी ऐकू आले, "मी आजारी नाही. मी केवळ बसलो आहे."

"एकटाच?" पार्बताबाईंनी दाराशी तोंड नेऊन विचारले. "आन् जेवल्याबिगर? खोल बाप्पा, दार खोल."

दार उघडले. त्या भाकर आणि वांग्याचे भरीत घेऊन आत गेल्या.

आता हा सामान उचलून माझ्याकडेच येणार, असे मला वाटले. मी खोली झाडली, पुस्तकांच्या पेट्या हलवल्या, खाटेची सुंभे आवळली. संध्याकाळी तो आला तो हसतच. कौलांची गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली, जणू मी तिथे नव्हतोच.

"आमच्याकडे माणसे सभ्य आहेत," तो म्हणाला. "ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली असती."

त्यानंतर दार उघडेच राहू लागले. तो ओट्यावर बसून पार्बताबाईंबरोबर मेथी निवडू लागला. खुशालराव त्याच्या पाठीवर थाप मारीत. ज्यांनी जन्मात एक पुस्तक उघडले नव्हते, ते खुशालराव! मी खिडकीतून बघे आणि त्याच्या हातातल्या मेथीच्या जुडीवरसुद्धा माझा जीव जळे. धड्याला तो उशिरा येऊ लागला, हाताला कोथिंबिरीचा वास घेऊन. एकदा 'मला'ऐवजी 'मले' म्हणाला. मी इतके तोडून दुरुस्त केले की तो दचकला.

महिना संपला. त्या दिवशी तो उभ्यानेच बोलला. "मास्तर, तुमची खोली फार चांगली आहे. पण मी तिथेच राहतो."

"शांतता नको तुम्हाला?"

"इथे शांतता आहे. म्हणून इथे बसलो की मला घरची फार आठवण येते."

ठीक आहे, मी म्हणालो. आवाज नीट निघाला असावा. खात्री नाही.

"आणि धडा उद्यापासून ओट्यावर घेऊ या? बाई म्हणतात, त्यांनाही ऐकायचे आहे."

नाही म्हणणार होतो, तोंडून हो निघाले.

पहिल्या दिवशी ओट्यावर धडा झाला नाही, बाजार झाला. मी ओकादाला विचारायचो, उत्तरे आळीतले पोट्टे द्यायचे.

"मास्तर, असं पुस्तकातलं कोन बोलते जी?" पार्बताबाई म्हणाल्या. "अशानं बाजारात फसवतीन त्याले."

सगळे हसले. ओकादाही हसला. खुशालराव त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. मला कडेला, भाजीच्या टोपल्यामागे जागा मिळाली होती. पार्बताबाईंनी भाजलेल्या शेंगा वाटल्या, पहिली मूठ त्याला. माझी पाळी येईस्तोवर टोपलीत फोलेच फार उरली होती. घरी येताना मी ठरवले, पुन्हा जायचे नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे ओट्यावरून उतरायच्या आधीच मी तिथे जाऊन बसलो. खुशालराव अजून मळ्यातून आले नव्हते. साहेबाच्या नेहमीच्या जागेला अगदी लागून मी बसलो, आणि त्या जागेच्या दुसऱ्या बाजूला माझी टोपी ठेवली.