खालची रांग

सासऱ्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला नवा टीव्ही जोडायला जावयाने हौसेने सोनेरी पिनांची केबल आणि अडॅप्टर आणला. सगळं जोडलं, पण आवाजाचा पत्ता नाही. "बाबा, हा ॲम्प्लिफायर गेला कामातून," त्याने छातीठोकपणे सांगितलं. सासऱ्यांनी तो भंगारात दिला.

पुढे स्वतःच्या घरी नवा ॲम्प्लिफायर जोडताना पुन्हा तेच झालं. टॉर्च मारून त्याने मागची बारीक अक्षरं वाचली. आवाज आत घेणारी भोकं वरच्या रांगेत होती, आणि पिना त्याने खुपसल्या होत्या खालच्या, आवाज बाहेर सोडणाऱ्या रांगेत. सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरलाही अशाच दोन रांगा होत्या, आणि तिथेही त्याने पिना खालीच खुपसल्या होत्या. त्याने पिना उपटून वरच्या रांगेत बसवल्या, आणि खणखणीत आवाज आला.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर त्या मेलेल्या डब्याला कवटाळून बसलो असतो मी."

"हो, बाबा," तो म्हणाला.